पांढरा डगला, २८ मिलिमीटर

मिनिएचर रंगवणाऱ्या कुणालाही विचारा, पांढरा रंग सगळ्यांत छळतो. लाल डगल्यावर हात हलला तर ती सावली म्हणून खपते. निळ्यावर तर काहीही खपतं. पांढरा मात्र जरा जाड झाला की भिंतीला चुना फासल्यासारखा दिसतो आणि जरा पातळ झाला की खालचा काळा प्रायमर डाग पडल्यासारखा वर येतो. त्यामुळे इंग्लिश यादवी युद्धाच्या पलटणी रंगवणारे लोक बाकी सगळं उत्साहाने उरकतात आणि न्यूकॅसलच्या मार्क्विसच्या 'व्हाइटकोट्स'पाशी येऊन थबकतात. मीही थबकले होते. पण या पलटणीने मला रंगकामापेक्षा एक मोठा प्रश्न दिला, तो असा: हे छोटे शिपाई आपण ज्या पद्धतीने रंगवतो, ती पद्धत त्या युद्धाबद्दल नेमकं काय सांगते? आणि काय लपवते?

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६४२ साली इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, १६४९ साली राजाचं डोकं उडवलं गेलं, आणि १६५१पर्यंत मारामाऱ्या चालूच होत्या. आज जगभरात काही लोक त्या लढाया टेबलावर खेळतात. हातात फासे, मोजपट्टी आणि नियमांचं पुस्तक, आणि टेबलावर धातूचे किंवा प्लास्टिकचे शिपाई. ते बिनरंगाचे विकत मिळतात, रंगवायचे आपण. सगळ्यांत लोकप्रिय आकार २८ मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा माणूस. त्या माणसाला डगला, पट्टे, बूट, दाढी, बुबुळं सगळं असतं. अशा चोवीस-तीस जणांची एक पलटण होते. खरी पलटण कागदावर हजार-बाराशेची असायची, म्हणजे टेबलावरचा एक शिपाई तीस-चाळीस जणांच्या वतीने उभा असतो. आपल्या लोकप्रतिनिधींपेक्षा हे प्रमाण बरंच बरं आहे.

आता हे व्हाइटकोट्स. विल्यम कॅव्हेंडिश हा उत्तरेतला गडगंज उमराव, राजाच्या बाजूचा. त्याने स्वतःच्या पैशाने पलटण उभी केली. डगले पांढरे का, याची गोष्ट त्याच्या बायकोने, मार्गारेट कॅव्हेंडिशने, १६६७ साली छापलेल्या नवऱ्याच्या चरित्रात दिली आहे. लाल कापड पुरेसं मिळालं नाही, म्हणून त्याने पांढरं, बिनरंगाचं कापड घेतलं आणि रंगवून होईपर्यंत थांबा असं शिपायांना सांगितलं. शिपाई म्हणाले, थांबायचं कशाला, असंच द्या, शत्रूच्या रक्ताने आम्हीच रंगवून घेऊ.

वाक्य जबरदस्त आहे, पण जरा थांबून बघू. मार्गारेटचं न्यूकॅसलशी लग्न झालं १६४५ साली, पॅरिसमध्ये, तो युद्ध हरून परागंदा झाल्यावर. म्हणजे शिपाई हे बोलले तेव्हा ती तिथे नव्हती. शिवाय ती साधीसुधी चरित्रकार नाही. आदल्याच वर्षी तिने 'द ब्लेझिंग वर्ल्ड' नावाची एका कल्पित जगाची गोष्ट छापली होती, जिला आज अनेक जण सायन्स फिक्शनची पूर्वज मानतात. त्यामुळे हे वाक्य शिपायांचं किती, नवऱ्याचं किती आणि लेखिकेचं किती, हे वेगळं काढता येत नाही. मला त्यातला शिपाई मात्र दिसतो. थंडी तोंडावर आलेली आहे, कुणीतरी कापड देतोय, आणि रंगाऱ्याकडून परत येईपर्यंत थांबायची तयारी नाही. बाकीचा आवेश नंतर चढवलेला असू शकतो.

२ जुलै १६४४ रोजी यॉर्कजवळ मार्स्टन मूरच्या माळावर लढाई झाली. संध्याकाळी सातच्या सुमाराला, वादळी पावसात, सुरू झाली आणि दोन-तीन तासांत राजाचा उत्तरेतला सगळा डाव संपला. बाकीचं सैन्य मोडलं तरी व्हाइटकोट्स मोडले नाहीत. एका बांधाच्या आवारात ते उभे राहिले, शरण यायला नकार दिला आणि जवळपास सगळे तिथेच मेले. त्यांचा मार्क्विस स्कार्बरोहून जहाजात बसून हॅम्बर्गला गेला.

तर या पलटणीला रंग कोणता द्यायचा? 'पांढरा' हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. न रंगवलेली लोकर सायीसारखी असते. कुठे पिवळट, कुठे करडी, ज्या मेंढीची तिच्यासारखी. चांगले रंगवणारे आधी हाडासारखा करडा लावतात, त्यावर साईचा थर देतात आणि खरा पांढरा फक्त बाहीच्या घडीवर, खांद्याच्या कडेवर, केसाएवढ्या रेघेत ठेवतात. सरळ पांढरा फासलात तर वरातीतले बँडवाले दिसतात. हे तंत्र यूट्यूबवर शेकडो जण शिकवतात आणि ते बरोबरच शिकवतात. माझी तक्रार पुढच्या पायरीशी आहे. करडा, साय, पांढरा हे तीन थर चोवीसच्या चोवीस डगल्यांवर अगदी सारखे चढवले जातात. एक रेसिपी, एक निकाल. त्यातून जी पलटण तयार होते, ती एकाच दिवशी एकाच गिरणीतून निघालेली असते. १६४३ साली गिरण्या नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्या बारीक गोष्टीवर काय भांडायचं. पण या कलेत बारीक गोष्टींशिवाय दुसरं आहेच काय? आणि मुद्दा गणवेशाचा आहे. या युद्धाबद्दलचं सगळ्यांत मोठं खोटं गणवेशातच दडलेलं आहे. पहिली काही वर्षं दोन्ही बाजूंनी प्रत्येक कर्नल आपल्या आवडीचा किंवा परवडेल तो रंग देत होता. पार्लमेंटकडे हॅम्पडेनची हिरवी पलटण होती, लॉर्ड ब्रूकची जांभळी, होल्सची लाल. राजाकडेही लाल आणि निळे डगले होते. लाल माणूस समोरून येतोय म्हणजे तो कोण, हे डगल्यावरून कळत नव्हतं. म्हणून लढाईच्या सकाळी खूण ठरायची, कुणी टोपीत हिरवी डहाळी खोचायची, कुणी कागदाचा कपटा. मार्स्टन मूरला पार्लमेंटच्या लोकांनी टोपीत पांढरा कागद किंवा रुमाल लावला होता. त्यांचा एक सेनानी सर थॉमस फेअरफॅक्स शत्रूच्या गराड्यात एकटा सापडला, तेव्हा त्याने टोपीतली ती पांढरी खूण काढून टाकली आणि शत्रूच्या घोडेस्वारांमधून शांतपणे घोडा चालवत आपल्या माणसांपर्यंत पोचला. कुणीही त्याला ओळखलं नाही. एवढी ती सगळी सरमिसळ होती.

मला वाटतं, पूर्ण मिनिएचरवर ऐतिहासिकदृष्ट्या सगळ्यांत खरा ठिपका हाच, टोपीवरचा तो कागदाचा कपटा. तो रंगवायला अर्धा मिनिट लागतो आणि बहुतेक जण तो रंगवत नाहीत. कारण उघड आहे. खूण एका लढाईपुरती असते आणि पलटण तर सगळ्या लढायांत वापरायची असते.

१६४५ साली पार्लमेंटने 'न्यू मॉडेल आर्मी' उभी केली, पायदळाच्या बारा पलटणी, सगळ्यांना लाल डगला. इंग्रजी फौजेचा तो पुढचा प्रसिद्ध लाल रंग इथून रुळला. टेबलावर या फौजा झोकात दिसतात आणि म्हणूनच त्या सगळ्यांत जास्त रंगवल्या जातात. आपल्याला त्या ओळखीच्या वाटतात, कारण आपल्या डोक्यातलं सैन्य म्हणजे एकसारखं सैन्य. अडचण अशी की हीच नजर आपण १६४२च्या फौजांवरही लावतो आणि गोंधळाला शिस्त बहाल करतो.

या शिपायांच्या पोझेस कुठून आल्या ते बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. १६०७ साली हेगमध्ये याकोब द घेइन या चित्रकाराचं कवायतीचं पुस्तक निघालं. त्यात ११७ चित्रं आहेत, एका पानावर एक शिपाई आणि एक हालचाल. तोड्याच्या बंदुकीत दारू ओत, गज फिरव, पेटता तोडा फुंक, नेम धर. भालेवाल्यांसाठी भाला उचल, खांद्यावर घे, जमिनीला टेकव. शिपाई देखणे आहेत, चड्डीचे फुगे आणि टोपीचे तुरे फार प्रेमाने काढलेत. या पुस्तकाच्या नकला युरोपभर झाल्या. आजची २८ मिलिमीटरची बंदूकधाऱ्यांची पाकिटं उघडून बघा, त्यातला नेम धरणारा आणि दारू भरणारा शिपाई त्याच खानदानातला आहे. म्हणजे आपण टेबलावर युद्ध मांडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात आपण मॅन्युअल मांडतो. शिपायाने कसं असावं ते मांडतो.

त्याच शतकातला दुसरा एक चित्रकार होता, लोरेनमधल्या नान्सीचा झाक कालो. १६३३ साली त्याने युद्धाच्या यातनांवर १८ कोरीव चित्रांची मालिका केली. चित्रं तळहाताएवढी, त्यातली माणसं नखाएवढी, म्हणजे आपल्या मिनिएचरपेक्षाही लहान. अठरांपैकी रणांगणावरची लढाई एकाच चित्रात आहे. बाकी काय आहे? भरती. शेतकऱ्याच्या घराची लूट. मठ जाळणं, गाव जाळणं. मग पकडलेल्या लुटारू शिपायांना शिक्षा, कुणाला गोळ्या, कुणाला चाक. लंगडे-लुळे शिपाई इस्पितळाच्या दारात. शेतकऱ्यांनी घेतलेला सूड. आणि सगळ्यांत गाजलेलं अकरावं चित्र: एकच मोठं झाड, त्याला फळांसारखी लटकलेली वीसेक माणसं, शिडीवर पाद्री, आणि झाडाखाली ढोलावर फासे टाकत बसलेले दोघे. बाजूला पलटण उभी आहे, भाले सरळ, ओळ चोख. आपण जी रंगवतो अगदी तीच.

कालोचं ते चित्र बघितल्यापासून टेबलावर फासे टाकताना मला ढोल आठवतो, हे खरं. पण म्हणून खेळच वाईट असं मी म्हणणार नाही. १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ लोकप्रिय करणाऱ्या एच. जी. वेल्सचा दावाच असा होता की छोटं युद्ध खेळून बघा, म्हणजे मोठं किती मूर्खपणाचं आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी मोठं युद्ध सुरू झालं. (याच वेल्सने मुखपृष्ठावर हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींसाठी आहे असं छापलं होतं. धन्यवाद, साहेब.) आणि ब्रिगेडियर पीटर यंग, ज्याने दुसऱ्या महायुद्धात कमांडो म्हणून खरी लढाई बघितली होती, त्याने युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं आणि १९६८ साली यादवी युद्धाच्या लढाया वेशभूषेसकट पुन्हा उभ्या करणारी 'सील्ड नॉट' ही संस्थाही काढली. खऱ्या युद्धातून आलेला माणूस खेळण्यातल्या युद्धाकडे वळतो, यात काहीतरी आहे. ते नैतिक-अनैतिकच्या खोक्यात बसवता येत नाही.

माझा आक्षेप लहान आणि जास्त नेमका आहे. कालोची माणसं आपल्या टेबलावर येऊ शकतात, कंपन्या सामानाच्या गाड्या, बायका, शेतकरी विकतातही. पण ते 'कॅम्प' नावाच्या वेगळ्या पाकिटात असतात आणि टेबलाच्या कडेला शोभा म्हणून उभे राहतात. इथे मला आपला दिवाळीचा किल्ला आठवतो. बघा ना, तोही १७व्या शतकाचाच देखावा आहे आणि त्यातले मावळेही पायदळच. कला म्हणून त्यांची तुलना करायला गेलं तर मातीचे मावळे पहिल्या फेरीतच बाद होतील. डोळे कानापर्यंत, फेट्याचा गुलाबी रंग मानेवर ओघळलेला, आणि सिंहासनावरचे महाराज दाराशी उभ्या मावळ्याच्या तिप्पट. पण त्याच किल्ल्यावर गवळण असते, भाजीवाली असते, बैल घेऊन निघालेला शेतकरी असतो, विहीर असते, अळीव पेरून केलेलं शेत असतं. त्यांना कुणी वेगळ्या पाकिटात टाकलेलं नाही. किल्ला कशासाठी राखायचा ते त्यावर दिसतं. २८ मिलिमीटरच्या देखण्या पलटणी कशासाठी लढताहेत, हे त्यांच्या टेबलावर सहसा दिसत नाही. हिरवंगार गवत असतं, सुबक कुंपण असतं, आणि शेत कुणाचं ते कुणी विचारत नाही.

चेहऱ्यांचंही असंच. जवळजवळ प्रत्येक मिनिएचरला दाढी-मिशा असतात. कारण तांत्रिक आहे, या आकारात गुळगुळीत चेहरा म्हणजे नुसता वाटाणा. मिशा असल्या की ब्रशला धरायला काहीतरी मिळतं आणि माणूस तीन फुटांवरूनही माणूस दिसतो. मूर्तिकाराची ती सोय आपण इतिहास म्हणून स्वीकारतो आणि सगळी फौज चाळिशीची होते. २०१३ साली डरहॅममध्ये, कॅथीड्रलशेजारच्या पॅलेस ग्रीन लायब्ररीच्या कॅफेचं बांधकाम चालू असताना सामूहिक पुरलेली हाडं सापडली, किमान १७ जणांची. तपासाअंती ठरलं की हे स्कॉटिश शिपाई होते, ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारच्या लढाईत क्रॉमवेलने पकडलेले. सुमारे ३,००० कैदी चालवत डरहॅमला आणून कॅथीड्रलमध्ये आणि किल्ल्यात कोंडले होते, त्यातले सुमारे १,७०० भूक आणि रोगाने मेले. सापडलेल्यांपैकी बहुतेकांचं वय १३ ते २५. काहींच्या दातांत मातीची चिलीम सतत एकाच जागी धरून पडलेली अर्धगोल खाच होती. २०१८ साली त्यांना डरहॅममध्येच पुन्हा दफन केलं.

तेरा वर्षं. तेरा वर्षांचा शिपाई बाजारात मिळतो तो फक्त ढोलकऱ्याच्या रूपात, गोंडस, गाल फुगलेले. मी स्वतः आता काही शिपायांच्या मिशा कटरने तासते आणि गालावर एकच पातळ थर देते. चेहरा वाटाण्यासारखा होतो, हे मान्य. जवळून बघितलं तर तो घाबरलेला दिसतो, आणि लांबून तर तो दिसतच नाही.

लांबून न दिसणं हासुद्धा एक मार्ग आहे. सहा मिलिमीटरच्या आकारात रंगवणारे लोक आहेत. त्यात माणूस तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो, चेहरा म्हणजे एक ठिपका, डगला म्हणजे एक फटकारा, पण एका पट्टीवर शंभर माणसं मावतात. सोळा-सतरा फुटी भाल्यांचं दाट रान, दोन्ही बाजूंना बंदूकधाऱ्यांचे पंख, असा त्या काळच्या पायदळाचा आकार त्यात खराखुरा उमटतो. २८ मिलिमीटरच्या चोवीस जणांत तो कधीच उमटत नाही, ती एक टोळी वाटते. मला विचाराल तर इतिहास म्हणून सहा मिलिमीटर जास्त खरं आहे. तरी मी २८च रंगवते. एकेका माणसाशी तास-दीड तास बसायला मिळतं, त्याच्या पेटत्या तोड्याच्या दोन्ही टोकांना नारिंगी ठिपका द्यायला मिळतो (दोन्ही टोकं पेटती ठेवायचे, एक विझलं तर दुसरं हवं म्हणून), आणि त्या वेळात त्याला शिपाई क्रमांक सतरा म्हणणं जड जातं.

आता रक्ताबद्दल. बाजारात चकचकीत रक्ताचा तयार रंग मिळतो आणि व्हाइटकोट्सवर तो शिंपडायचा मोह प्रत्येकाला होतो. मार्गारेटच्या वाक्याचं ते थेट चित्रच झालं. मी बघितलेल्या अशा पलटणी मला सगळ्यांत कमी पटल्या. एक तर ते रक्त कायम शत्रूचं असतं, छाती ताठ आणि बाहीवर लाल तुषार. मार्स्टन मूरला डगले लाल झाले ते आतून. दुसरं म्हणजे त्या रंगाने सगळं लक्ष त्या एका वाक्यावर जातं आणि बाकीची पलटण त्याचं पोस्टर होते. उलट एकाने, मला त्याचं काम फार आवडतं, त्याच डगल्यांना गुडघ्यापासून खाली फक्त ओल दिली आहे. ओला पिवळसर करडा, चिखलाच्या थोड्या वर संपणारा. पाऊस पडून गेलाय, संध्याकाळ आहे. वरून दुपारचं ऊन पडल्यासारखी उजळ रेघ खांद्यावर काढायचा जो सार्वत्रिक रिवाज आहे, तोही त्याने मोडलाय. उजेड एकाच बाजूने, खालून, तिरपा येतो. ती पलटण फोटोत चांगली दिसत नाही. इन्स्टावर तिला फार लाइक मिळणार नाहीत. टेबलावर मात्र तिच्याजवळ येऊन लोक वाकून बघतात.

राहता राहिला खेळ. नियमपुस्तकांत अशा पलटणींना काही ना काही हट्टीपणाचा गुण दिलेला असतो, फासा वाईट पडला तर पुन्हा टाकता येतो. मार बसत गेला की शेजारी खुणा ठेवायच्या. त्यासाठी आडव्या पडलेल्या मृत शिपायाची मिनिएचरही मिळते, तिच्या पायाशी आकड्यांची फिरती तबकडी असते. एक, दोन, तीन. मेलेला माणूस इथे हिशेबाचं यंत्र आहे, आणि तो रंगवताना कुणी फार कष्ट घेत नाही. शेवटी मर्यादा ओलांडली की पलटण 'मोडली' असं म्हणतात आणि सगळीच्या सगळी उचलून खोक्यात ठेवतात. पळून गेलेली पलटण आणि जागेवर मेलेली पलटण यांत नियमांना फरक दिसत नाही, दोन्हींची जागा टेबलावर सारखीच रिकामी होते आणि समोरच्याचे घोडेस्वार त्या जागेवरून सरळ पुढे जातात.

मार्स्टन मूरचा डाव खेळताना मी एक घरगुती नियम लावते. व्हाइटकोट्स मोडले तर त्यांना उचलायचं नाही. खेळ संपेपर्यंत ते तिथेच उभे राहतात, आणि त्या जागेवरून कुणालाही जाता येत नाही, ना त्यांच्या लोकांना, ना शत्रूला. वळसा घालूनच जावं लागतं. सोबत खेळणाऱ्यांची याला कुरकुर असते, कारण टेबलाचा तो कोपरा अडून राहतो आणि डाव अर्धा तास लांबतो.